कॅनबेराची दुसरी खुर्ची

"आतलं केलं न्हाई व्हय?"

प्रश्न पाठीमागून आला. विमानांच्या छोट्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनाचा दुसरा दिवस होता. जानेवारी अठ्ठ्याऐंशी, पुण्यातल्या एका शाळेचा हॉल, आणि सकाळपासून "हात लावू नका" म्हणून म्हणून माझा घसा बसत आलेला. वळून पाहिलं तर सत्तरीचे एक वाळके, ताठ गृहस्थ माझ्या टेबलापाशी कमरेत वाकून उभे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात काळं जाकीट, आणि भिंतीला नीट टेकवून ठेवलेला, खोळीत गुंडाळलेला तंबोरा. डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग होतं, आणि त्या भिंगातून ते माझ्या कॅनबेरा विमानाच्या नाकात बघत होते.

"आत काही नाही, आजोबा," मी म्हटलं. "आतलं दिसत नाही ना, मग करत नाहीत."

"आसं कसं? आमी भोपळ्याला आतनंबी हात फिरवतो. त्योबी कुणाला दिसत न्हाई." त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ही समदी इमानं तुमी केली? एकटीनं?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. बाँबफेकी विमानं जमवणारी बाई म्हणजे त्या काळी पुण्यात एक करमणूकच होती. मी, शरयू ताम्हनकर, पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. हुद्दा ड्राफ्ट्समनच, तो बदलावा असं तिथे कुणाला सुचलं नव्हतं. बोटीवर असलेल्या मामाने माझ्या भावासाठी लँकेस्टर विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग आणले होते. भावाने पंख उलटे चिकटवून ते पलंगाखाली ढकललं. मी ते बाहेर काढलं आणि पुढची वीस वर्षं त्यातच अडकले. लँकेस्टर, वेलिंग्टन, हाइंकेल, लिबरेटर, मिचेल. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची एक्केचाळीस विमानं, सगळी कुठल्या ना कुठल्या लढाईत गेलेली. "लोकांच्या काचेच्या कपाटात कपबश्या असतात," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे दुसरं महायुद्ध आहे. धूळ मी पुसते."

आमचं पाच-सहा जणांचं मंडळ होतं आणि त्यात माझी दहशत होती. रंगाची छटा, शेपटीवरच्या नंबराची जाडी, चाकाच्या दाराचा कोन, काहीही चुकलं की मी सांगायचे, आणि सांगताना गोड बोलायची मला सवय नव्हती. चुकीचं काही लावायचं नाही आणि जे दिसत नाही ते लावायचं नाही, हे आमचे दोन कायदे. कॅनबेराच्या फुग्यासारख्या काचेखाली पायलटची खुर्ची दिसते, म्हणून ती मी पट्ट्यांसकट केली होती. पुढच्या नाकाच्या पोकळीत मात्र अंधार असतो. तिथे मी काळा रंग फासून मोकळी झाले होते.

आणि नेमक्या त्या काळ्या पोकळीकडे आजोबांनी बोट दाखवलं. हात न लावता, अगदी अदबीने.

"माझा मुलगा हितं बसायचा. मुनीर. फ्लाइट लेफ्टनंट मुनीर जमादार. नॅव्हिगेटर."

मी चटकन सावरून उभी राहिले. इतकी वर्षं मी ही विमानं करत होते, पण त्यातल्या एकाही विमानात बसलेल्या माणसाचा बाप माझ्या टेबलापाशी आला नव्हता.

"हल्ली कुठे असतात ते?"

"एकाहत्तरच्या लढाईत गेलं त्ये इमान आलं न्हाई."

विमान आलं नाही म्हणाले. मुलाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. ते मिरजेचे, सतार-तंबोरे करणारे दस्तगीर जमादार. गिऱ्हाइकाचा तंबोरा पोचवायला पुण्याला आले होते, आणि वर्तमानपत्रात प्रदर्शनाच्या बातमीसोबत माझ्या कॅनबेराचा फोटो बघून शोधत शोधत शाळेपर्यंत आले होते. हवाईदलाचं पत्र आलं होतं, ते म्हणाले. इंग्रजीतलं. बेपत्ता, बहुधा मृत. बरोबरच्या दुसऱ्या विमानातल्या लोकांनी ह्या विमानाला आग लागलेली पाहिली होती, आणि एक पॅराशूट उघडलेलं पाहिलं होतं.

"एकच छत्री दिसली म्हणत्यात. मानसं दोन. पायलट आनि मुनीर. दोघंबी आले न्हाईत. छत्री कुणाची, त्ये कुणालाच ठावं न्हाई." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, तुमी एवढं बारीक केलंय म्हनून इचारतो. बटन दाबलं की मानसासकट वर उडती तसली खुर्ची असती न्हवं? ती दोघांनाबी हुती का वो?"

पायलटची होती. ती मी स्वतःच्या हाताने रंगवली होती. नॅव्हिगेटरची कशी होती, होती की नव्हती, हे मी कधी शोधलंच नव्हतं, कारण ती दिसत नाही. चेहऱ्यावर ऊन लागावं तशी मला लाज वाटली.

"बघून सांगते, चाचा."

"सांगू नगा. सांगणारे लई झाले." ते उठले आणि त्यांनी तंबोरा उचलला. "आतनं करून दावा. मी कारागीर मानूस. डोळ्यानं बगितल्याबिगर मला समजत न्हाई."

मी हो म्हटलं. त्यांनी मला मिरजेचा पत्ता सांगितला आणि तो मी बरोबर लिहून घेतला की नाही हे भिंग लावून तपासून पाहिलं.

खंडागळे आमच्या मंडळातले. हवाईदलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, आयुष्याची अठरा वर्षं कॅनबेरावर काम केलेले. पुढच्या रविवारी ते घरी आले, आईने पोहे केले, आणि मी विमानाचा नकाशा पुढे ठेवून त्यांना नॅव्हिगेटरच्या खुर्चीबद्दल विचारलं.

"नव्हती," खंडागळे म्हणाले.

"नक्की?"

"ताम्हनकर बाई, मी त्या नाकात इतक्या वेळा शिरलोय, की माझ्या पाठीला विचारा. इजेक्शन सीट फक्त पायलटला. नॅव्हिगेटरला एक साधी बैठक आणि समोर नकाशाचं फळकूट. बाँब टाकताना तो पालथा पडून काचेतून बघायचा. बाहेर पडायला उजव्या अंगाला दार. ते उघडायचं, पॅराशूट अडकवलेलं असलं तर उडी मारायची. त्याला उंची लागते, वेळ लागतो. लढाईत ही विमानं झाडाच्या शेंड्यांवरून जायची. कसला वेळ आणि कसली उंची?" त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "पायलटची खुर्ची एका सेकंदात जाते. छत्री एकच दिसली असेल तर ती पायलटची. त्याचं पुढे काय झालं देव जाणे. पण तुमच्या चाचांचा मुलगा त्या विमानातच गेला."

आईने त्यांची बशी उचलली. मग आई म्हणाली, "शरे, घाल गं तिथे एक खुर्ची."

"आई!"

"काय आई? त्या म्हाताऱ्याला काय विमान चालवायचंय? सोळा वर्षं आस लावून बसलाय बिचारा. आता सत्तराव्या वर्षी तू त्याला काय दाखवणार, रिकामं नाक? एक खुर्ची घातलीस तर तेवढाच जिवाला आधार. प्लास्टिकचीच तर आहे."

खंडागळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका खिडकीसाठी तुम्ही माझं अख्खं वेलिंग्टन नापास केलं होतंत," ते म्हणाले, आणि निघून गेले.

त्या पंधरा दिवसांत मी स्वतःशी इतकी भांडले, की ऑफिसात दोन ड्रॉइंगं परत आली. खरं सांगायचं तर आईचं म्हणणं मला पहिल्या क्षणीच पटलं होतं. भांडण फक्त माझ्या इभ्रतीचं होतं. तो वाकलेला माणूस, ते भिंग, "दोघांनाबी हुती का वो" हे आठवलं की माझा जीव गलबलायचा. त्यांना नाही म्हणणं मला जमणार नव्हतं. मी नवी कॅनबेरा करायला घेतली.

नाकाची डावी बाजू मी कापून काढली, कारखान्याच्या नकाशात आम्ही छेद दाखवतो तशी, म्हणजे आतलं सगळं दिसावं. फळकूट केलं. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा नकाशा ठेवला. पालथं पडायची गादी केली. मग दुसऱ्या एका विमानातून एक इजेक्शन सीट काढली, जेमतेम नखाएवढी, तिला लाल दांडी, करड्या पट्ट्या, सगळं केलं, आणि चिमट्याने नॅव्हिगेटरच्या जागी बसवली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट चुकीची आहे हे माहीत असून चिकटवली होती. ती दिसायला फार सुरेख होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी खोका मांडीवर घेऊन मी मिरजेला गेले. सकाळची गाडी दुपारी पोचली. दुकान एका अरुंद गल्लीत होतं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि लाखेचा वास कपड्यांना चिकटेल असा. दस्तगीरचाचांची मुलगी जुबेदा घरात होती. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या आतबाहेरची, नवरा वारल्यावर वडिलांकडे आलेली. तिने माझं स्वागत केलं, पण बेताचंच. समोरच हॉटेल होतं, पाटी नसलेलं, बाकांवर चार-पाच माणसं बसलेली. मी म्हटलं, "चुलीपाशी कशाला जाता, समोरून चहा मागवू या."

"समोरचा चहा अब्बा घेत नाहीत," ती म्हणाली आणि आत गेली.

चाचांनी हात धुतले, पुसले, मग मांडीवर पांढरं फडकं पसरलं. मी खोका उघडला. त्यांनी कॅनबेरा दोन्ही हातांत घेतली आणि डोळ्याला भिंग लावलं.

ते विमान हळूहळू फिरवत राहिले. जुबेदा चहा ठेवून दाराशी उभी राहिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता उजळेल, आता उजळेल, असं मला वाटत होतं. म्हणजे मी तिथे बक्षीस घ्यायलाच बसले होते म्हणा ना.

"हे टेबल त्येचं?"

"हो. त्यावर नकाशा."

"आनि ही खुर्ची. पायलटसारखीच."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी भिंग काढलं. चेहरा उजळला नाही. तो एकदम म्हातारा झाला. विमान त्यांनी फडक्यावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हंजे मुनीरला उडता येत हुतं."

"हो चाचा. म्हणजे आशा..."

"मग लोक म्हणत्यात त्याला जागा हाय."

मला कळेना. मी जुबेदाकडे पाहिलं. ती दाराची चौकट धरून उभी होती.

"काय म्हणतात लोक?"

"सांगते," जुबेदा म्हणाली. तिचा आवाज शाळेत मुलांना गणित समजावावं तसा सरळ होता. "पत्र आल्यावर महिनाभर सगळे यायचे. बसायचे. मग त्या एका छत्रीची गोष्ट गल्लीत पसरली. समोरच्या हॉटेलात एक दिवस कुणी तरी म्हणालं, मुनीर कशाला मरतोय, तो उडी मारून उतरला असणार. तिकडे पाकिस्तानात त्याला कोण परका म्हणणार? राहिला असेल आरामात. बायको केली असेल. अब्बा तिथेच बसले होते. चहा हातात होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि घरी आले. तेव्हापासून ते ती पायरी चढलेले नाहीत. सोळा वर्षं झाली, ताई."

माझ्यापुढचा कप मी बाजूला सरकवला.

"त्यांना भांडता आलं नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. खोटं आहे म्हणायला काही तरी हातात लागतं ना? गेलेल्या माणसासाठी पढतात तो फातेहा मुनीरच्या नावाने आम्ही पढलेला नाही. बड्या रातीला, म्हणजे शब-ए-बारातला, गल्लीतले सगळे आपापल्या माणसांची नावं घेतात. आमच्याकडे अम्मीचं नाव घेतात, माझ्या नवऱ्याचं घेतात. मुनीरचं नाव आलं की अब्बा उठून जातात. कारण तो मेला म्हणावं, तर आम्हाला कुठे ठाऊक आहे? आणि जिवंत आहे म्हणावं तर..." ती थांबली. "जिवंत असून सोळा वर्षांत त्याने बापाला एक चिठ्ठी पाठवली नाही, असा माझा भाऊ नव्हता."

चाचा हलके हलके मान हलवत होते. त्यांनी विमान फडक्यात गुंडाळायला घेतलं.

"चाचा, थांबा," मी म्हटलं. "ही खुर्ची खोटी आहे."

"आं?"

"नॅव्हिगेटरला इजेक्शन सीट नव्हती. फक्त पायलटला होती. मला माहीत होतं. मी मुद्दाम घातली. तुम्हाला..." पुढचं वाक्य मला बोलवेना. "तुम्हाला आधार वाटावा म्हणून."

जुबेदा दारातून पुढे आली. गणिताचा आवाज संपला होता. "तुम्हीसुद्धा? सोळा वर्षं जो येतो तो हेच करतो! उमेद सोडू नका, चाचा. ऊपरवाला मोठा आहे, चाचा. एकानेही बसून खरं सांगितलं नाही. आणि तुम्ही पुण्याहून तिकीट काढून तेच सांगायला आलात?"

ती बोलली त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि मी मुसमुसून रडायला लागले, हेही मला तिच्यापुढे शोभत नव्हतं.

"आता खोटी म्हणताय. मगाशी खरी हुती." चाचांचा आवाज चढला नव्हता. "आमी कंच्या शब्दावर इस्वास ठेवायचा, ताई?"

एवढंच विचारलं त्यांनी. आयुष्यभर मी लोकांच्या चुका काढल्या, माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असायचा, आणि आज खरं बोलत असताना तो शब्द कुचकामी झाला होता. खंडागळ्यांना पत्र लिहायला सांगते, नकाशा पाठवते, असं मी काहीबाही पुटपुटले. खोटा नकाशाही मीच काढू शकते हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

चाचांनी फडकं पुन्हा उलगडलं. विमान घेतलं. यावेळी ते आत बघत नव्हते. भिंग लावून त्यांनी नाकाच्या वरच्या बाजूला, बाहेरून, तर्जनी टेकवली, आणि सतारीच्या दांडीवरून पडद्यांचा चढ-उतार तपासावा तशी ती पुढून मागे, मागून पुढे फिरवली. पायलटच्या काचेपाशी बोट थांबलं. नखाने त्यांनी काचेची कड चाचपली.

"ही काच निगती?"

"हो. खुर्ची उडायच्या आधी काच उडून जाते."

"म्हनून हितं सांदा हाय." बोट पुन्हा पुढे सरकलं. "आनि हितं? मुनीरच्या डोक्यावर? हितं तर सांदाच न्हाई. सलग पत्रा हाय."

मी विमानाकडे बघत राहिले. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खोटी खुर्ची मी आत बसवली होती, पण तिला बाहेर पडायला झाकण लागेल, आणि झाकण असेल तर वरच्या पत्र्यावर त्याची चौकट कोरावी लागेल. पत्र्यावर मी रेघसुद्धा ओढली नव्हती.

"ही खुर्ची उडाली तर मानूस पत्र्यावर आपटून मरंल," चाचा म्हणाले. "झाकन का न्हाई केलं?"

"बाहेरून... बाहेरून मला ते चुकीचं करवलं नाही, चाचा. खऱ्या विमानाला तिथे झाकण नाही."

त्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. एक डोळा मोठा, एक लहान.

"त्वांडानं लबाडी केली, पर हातानं केली न्हाई तुमच्या," ते म्हणाले. "ह्येच्यावर ठेवतो इस्वास."

मग त्यांनी एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं, यावेळी जसं आहे तसं. बैठक साधी. दार उजवीकडे, हे इथे. ते उघडून उडी मारायला उंची हवी. विमान किती वर होतं? झाडाच्या शेंड्यांएवढं. मग छत्री? पायलटची. ते प्रत्येक उत्तर ऐकून मान हलवत, आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी बोटाने ती जागा तपासत. जुबेदा खाली भुशातच बसली होती.

शेवटी ते म्हणाले, "काडा ती."

माझ्याकडे चिमटा नव्हता. त्यांनी आपला दिला. मी खुर्ची उपटली. ती घट्ट बसवली होती, निघताना खालच्या रंगाचा टवका उडाला. मी ती मुठीत धरली. चाचांनी हत्यारांच्या डब्यातून सतारीला वापरतात त्या टूनच्या लाकडाची एक ढलपी घेतली आणि पटाशीच्या टोकाने तासली. दोन मिनिटांत डाळीच्या दाण्याएवढी चौकोनी बैठक झाली. लाखेचा एक थेंब लावून त्यांनी ती टेबलापाशी बसवली, आणि लाख सुकेपर्यंत त्यावर बोट दाबून ठेवलं.

मग ते उठले. टोपी सारखी केली. विमान तळहातावर घेतलं आणि दुकानाची पायरी उतरून सरळ समोरच्या हॉटेलाची पायरी चढले.

"अब्बा!" जुबेदा धडपडत उठली. आम्ही दोघी मागे धावलो.

हॉटेलाचा मालक आदगोंडा गल्ल्यापाशी उभा होता. पासष्टीचा, भरघोस मिशांचा. चाचांना आत आलेलं बघून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बाकावरची माणसं सरकली. चाचांनी विमान मधल्या टेबलावर ठेवलं, कापलेली बाजू त्यांच्याकडे करून.

"हितं मुनीर बसला हुता," ते म्हणाले. "ही त्येची बैठक. ही उडत न्हाई. उडती ती ही, पायलटची. वर बगा. ह्येच्या डोक्यावर काच हाय, मुनीरच्या डोक्यावर पत्रा. इमान झाडावरनं चाललंय. आग लागली. आता ह्येच्यातनं भाईर कसं यायचं, सांगा मला."

बाकावरच्या एकाने मान खाली घातली.

"सांगा की. तुमी समदी हुशार मानसं. सोळा वर्षं सांगत हुता. बोट लावून दावा, माझा पोरगा कुटनं उतरला."

आदगोंडा पुढे आला. तो वाकला आणि त्याने खरंच पाहिलं. आधी आत, मग वर, मग पुन्हा आत. त्या लाकडी दाण्यापाशी त्याची नजर थांबली. तो सरळ झाला आणि त्याने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"चाचा," तो म्हणाला, "त्ये बोलणं माझंच हुतं."

"ठावं हाय मला," चाचा म्हणाले. त्यांनी विमान उचललं आणि ते परत निघाले.

दुकानात आल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. विमान मांडीवर होतं. जुबेदा त्यांच्याजवळ बसली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जुबेदा, मुनीर गेला. आपला मुनीर गेला गं." आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो मला आजही, पस्तीस वर्षांनंतर, ऐकू येतो. हे एक वाक्य त्यांच्या तोंडी येऊ नये म्हणून मी पुण्याहून नखाएवढी खुर्ची घेऊन आले होते. आणि ते वाक्य बोलायला मिळावं म्हणून हा माणूस सोळा वर्षं तडफडत होता.

परतीची गाडी संध्याकाळची होती. मी उठायला लागले तर जुबेदाने माझा हात धरून मला खाली बसवलं. थोड्या वेळाने पलीकडच्या घरातली एक बाई डोक्यावर पदर घेऊन आली, जुबेदाच्या गळ्यात पडून रडली आणि कोपऱ्यात बसून राहिली. मग आणखी दोघी आल्या. बाहेर गल्लीत पुरुष जमत होते. हलक्या आवाजात बोलत होते, चपला काढून दाराशी येत होते, चाचांचा हात हातात घेत होते. जुबेदाने डोळे पुसले. एवढी माणसं आलीत, घरात पाहुणी आहे, चहाचं तरी बघते, म्हणून ती आत जायला वळली.

तेवढ्यात दारात आदगोंडा दिसला. खांद्यावर भाताचं मोठं पातेलं, एका हातात आमटीची कडीची बरणी, अंगावर धुतलेला सदरा. तो पायरीच्या खालीच उभा राहिला.

"जुबेदा," तो म्हणाला, "मयताचं घर हाय. आज चूल पेटवायची न्हाई."

जुबेदाने वडिलांकडे पाहिलं. दस्तगीरचाचा भिंतीला धरून उठले, विमान त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि दारापाशी जाऊन ते पातेलं स्वतःच्या दोन्ही हातांनी उतरवून घेतलं.